टेकडीहून पांझरेकडे, मार्गे नाला

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. टेकडीहून आलेला सातभाईंचा थवा निंबावर लागलेला आहे. कोणीही घाई करू नये.’

धुळ्यात देवपूरच्याही पलीकडे, गाव संपतं तिथल्या एका कॉलनीत आम्ही भाड्यानं राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मला हे ऐकू आलं. मी स्वयंपाकघरात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. हात तिथंच थांबला. घोषणा विचित्र होतीच, पण त्याहून विचित्र म्हणजे आवाज ओळखीचा होता. माहेर जळगावचं असल्यामुळे धुळ्याच्या स्टँडवर मी आयुष्यातला बराच वेळ काढला आहे. जळगावची गाडी कुठल्या फलाटावर लागली ते वर्षानुवर्षं ज्या आवाजानं मला सांगितलं, तो आता माझ्याच घराच्या खालून येत होता.

गॅलरीतून वाकून पाहिलं. अंगणात बंडी आणि पट्ट्यांचा पायजमा घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ उभे होते. स्टीलचा रिकामा पेला त्यांनी तोंडाशी आडवा धरला होता. समोरच्या निंबावर खरोखरच सातभाई कलकलत होते.

हे आमचे घरमालक. घर ठरवताना सगळं बोलणं त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी केलं होतं, त्यामुळे यांचं पहिलं दर्शन असं झालं. अक्का अंगण झाडत होत्या. माझा चेहरा पाहून त्या खालूनच म्हणाल्या, “घाबरू नको बाई. यास्नी ड्युटी सरनी, पन आवाज सरना नही.”

एसटीत ते वाहतूक नियंत्रक होते. कॉलनीत सगळे त्यांना आबा म्हणत, माघारी कंट्रोलर म्हणत. ते दोन्ही नावांना ओ देत.

मी सरकारी दवाखान्याच्या भांडारात काम करते. कुठली वस्तू कुठल्या फडताळावर आहे, कधी संपणार आहे, आणि कोण ती परत न करता घेऊन गेलं आहे, हे पाहणं माझं काम. घरीही माझा स्वभाव तोच. पक्कड दाराच्या मागच्या खिळ्याला, मेणबत्त्या वरच्या खणात, दोरीची गुंडी डावीकडे. घोळ घालणाऱ्या माणसांशी माझं फार जमत नाही. म्हणून सुरुवातीला वाटलं, पेल्यात बोलणाऱ्या माणसाच्या घरात आपण किती दिवस काढणार?

पण आबा घोळ घालणारे नव्हते. उलट त्यांच्याइतका शिस्तीचा माणूस मी पाहिलेला नाही. फरक इतकाच की माझी शिस्त डब्यांची आणि त्यांची शिस्त पाखरांची. ते कधीही ‘पक्षी आला’ असं म्हणत नसत. पक्षी ‘लागायचा’. मुंगूस कुंपणाखालून गेलं की ‘विनाथांबा’. घुबड म्हणजे मुक्कामी गाडी. कावळ्यांना ते लोकल म्हणत आणि त्यांची घोषणा करत नसत. एखाद्या वर्षी कोकीळ लवकर ओरडली तर रागावत, “वेळेआधी सुटणं हा उशिरा सुटण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे, ताई. उशीर झाला तर माणूस थांबतो. आधी सुटली तर बिचारा धावत येतो आणि धूळ खातो.”

एकदा आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांच्या मुलीनं त्यांना सांगितलं, “आबा, टिंग टिंग करा ना!” आबा गंभीर झाले. “ती घंटी कंडक्टरची. गाडी लागली हे सांगणं माझं काम. ती हलवणं माझं काम नाही.”

अक्का म्हणाल्या, “हो ना! मनासंगे बोलाले बी यास्ले फलाट लागस.” माझ्याशी बोलायलाही यांना फलाट लागतो, अशी त्यांची तक्रार.

आबा ते ऐकून पेल्यात म्हणाले, “स्वयंपाकघराकडून येणाऱ्या तक्रारीची नोंद घेण्यात आलेली आहे. चहा लागलेला नाही.”

असा त्यांचा संसार होता.

आमच्या घरांच्या मागून एक नाला जायचा. नाला म्हणण्यासारखं पाणी त्यात पावसाळ्यातच असायचं. एरवी वाळू, गोटे आणि दोन्ही काठांना गच्च झाडी. बाभूळ, बोर, हिवर, खैर, मधूनच एखादा पळस, आणि वरच्या अंगाला दोन जुने अंजन. मागच्या बोडक्या दिसणाऱ्या टेकडीवरून निघून हा हिरवा-करडा पट्टा आमच्या कॉलनीला खेटून खाली पांझरेपर्यंत गेलेला होता. कॉलनीतले लोक त्याला ‘मागची घाण’ म्हणत. आबा त्याला ‘रूट’ म्हणत.

उन्हाळ्यात मी एकदा त्यांच्याबरोबर वरच्या अंजनापर्यंत चालत गेले. मार्च संपत आला होता. पायाखाली वाळका पाला करकरत होता, सगळ्या फांद्या उघड्या. मी म्हणाले, “आबा, हे सगळं मेलं की हो.”

ते थांबले. छत्रीचं टोक त्यांनी जमिनीत रोवलं. “तुम्हा जळगाववाल्यांना केळीपलीकडे झाड माहीत नाही. बारमाही हिरवं नसलं की मेलं! ब्रेकडाऊन गाडी आणि मुक्कामी गाडी यातला फरक कळत नाही का? दिवे बंद आहेत, ड्रायव्हर झोपला आहे. वेळ झाली की सुटेल.” मग खाली वाकून त्यांनी पाल्याचा एक थर बाजूला केला. खाली माती ओलसर नव्हती, पण गार होती. “हात लावा.” मी लावला. “आता तिकडच्या बांधकामाच्या मोकळ्या प्लॉटवरच्या मातीला लावून या.” मी गेले नाही. तळवा भाजला असता हे मला न जाताही कळत होतं.

केळीवरून आमचं नेहमी वाजायचं. माझ्या भावाच्या केळीच्या बागा आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. एकदा मी म्हणाले, हिरवाईच पाहायची तर आमच्याकडे या, मैलोन् मैल हिरवं आहे. आबा म्हणाले, “आहे ना. नाही कुठे म्हणतो? पण केळीचा बाग म्हणजे लग्नाला ठरवलेली स्पेशल गाडी. एकच पार्टी, बाकीच्यांनी चढायचं नाही. जंगल म्हणजे लाल डबा. म्हातारी चढेल, कोंबडी चढेल, बोचकं चढेल, उभं राहायला का होईना, सगळ्यांना जागा. स्पेशल गाडी पाहिजेच हो. पण सगळ्याच गाड्या स्पेशल करून टाकल्या तर बाकीच्यांनी जायचं कसं?”

मी त्यांना त्या दिवशी भरीत पाठवलं. जळगावची वांगी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली. डबा परत आला तेव्हा आत नाल्याकाठची बोरं होती आणि निरोप होता : वांगं स्पेशल, बोरं साधी गाडी, दोन्ही चांगली.

हे वेड त्यांना लागलं कुठे, असं मी एकदा अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनाच विचार. आबांना विचारलं तर ते पेला बाजूला ठेवून साध्या आवाजात बोलले, आणि ते क्वचितच साध्या आवाजात बोलत.

तरुणपणी त्यांची नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा स्टँडवर होती. एक पत्र्याची शेड, एक बाकडं, एक लाऊडस्पीकर. गाड्या मोजक्याच. “मधल्या वेळात घोषणा कसली करायची?” म्हणून ते समोर पाहायला लागले. वानरांची टोळी रोज एकाच वेळी एकाच झाडावरून रस्ता ओलांडायची. मोर ठरलेल्या बांधानं उतरायचे. यांचंही वेळापत्रक आहे, फक्त कोणी फळ्यावर लिहिलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते त्यांचीही घोषणा करू लागले. डोंगरातून येणाऱ्या प्रवाशांना त्यात काही नवल वाटलं नाही. उलट म्हातारी माणसं त्यांना दुरुस्त करायची : “अस्वलाचं राहिलं, साहेब.”

“त्या वेळी गाडीच्या टपावर जंगल यायचं,” आबा म्हणाले. “मोहाची फुलं, चारोळी, डिंक, टेंभुर्णी. बायका टोपल्या वर टाकायच्या आणि कंडक्टरशी भांडायच्या. मग एका बाजूचा डोंगर उघडा झाला. हळूहळू टप रिकामा यायला लागला. मी खूश, म्हटलं, भांडणं मिटली. मग एके वर्षी तीच माणसं आली, टोपल्या नव्हत्या, बोचकी होती. पोरंबाळं, भांडी, कोंबड्या. विचारत होती, सुरतेची गाडी कुठे लागते? मीच त्यांना फलाट सांगितला, ताई. याच आवाजानं.”

बाजूला ठेवलेला पेला त्यांनी उचलून बंडीला पुसला. मग म्हणाले, “जंगल गेलं की मागच्या गाडीनं माणूस जातो. लोकांना वाटतं, जनावरांचा प्रश्न आहे.”

मला वाटतं, आमच्या मागच्या नाल्यासाठी ते जे हट्टाला पेटले, त्याची मुळं त्या सुरतेच्या गाडीत होती.

झालं असं की कॉलनीतल्या कोणीतरी एका पहाटे नाल्यात तरस पाहिलं. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं ते मोठं केलं, आणि दुपारपर्यंत त्याचा बिबट्या झाला. लोकांची भीती खोटी नव्हती. लहान मुलं मोकळ्या जागेत खेळत होती. कॉलनीचे अध्यक्ष नाना हे सरळ, कामाचा उरक असलेले गृहस्थ. कापसाच्या व्यापारात आयुष्य गेलेलं. त्यांनी बैठक बोलावली आणि ठराव मांडला. मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यापासून नाल्याच्या आरपार, पलीकडच्या काठावरच्या भिंतीपर्यंत, जाळीचं कुंपण घालायचं. वरून येणारं काहीही तिथंच अडलं पाहिजे. पावसाळ्याआधी आतली झाडी जेसीबी लावून साफ करायची.

आबा उभे राहिले. पेला नव्हता, पण आवाज तोच. “नाना, कुंपण घाला, पण घरांच्या कडेनं घाला. नाल्याला आडवं घालू नका. ते येणारं जनावर तुमच्याकडे येत नाही, तुमच्या बाजूनं जातं. वर टेकडी, खाली नदी, मधे हा एकच रूट आहे.”

“आबा, बिबट्याला तुमची पाटी वाचता येते का?” मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

“त्याला येते. आपल्याला येत नाही,” आबा म्हणाले. “आणि झाडी साफ कराल तर बोअरकडेही लक्ष ठेवा. खालच्या वसाहतीनं काठ साफ केला, तर पावसात पाणी त्यांच्या अंगणात आलं आणि उन्हाळ्यात बोअरमध्ये आलंच नाही. आपल्याकडे पाणी या काट्यांत अडखळत येतं, म्हणून मुरतं.”

झाडीचं काम पुढच्या बैठकीपर्यंत थांबलं. बोअरचं नाव काढल्यावर धुळ्यात कोणीही थांबतो. पण कुंपण मंजूर झालं. मीही त्या बाजूनंच हात वर केला होता; माझीही मुलगी त्या मोकळ्या जागेत खेळायची.

घरी परतताना आबा अक्कांना म्हणाले, “आते गाडी गावमातून जाई. देखी ल्या.”

जाळी लागली. नानांनी स्वतः उभं राहून तारा पिळून घेतल्या. आबांच्या सकाळच्या घोषणा चालू राहिल्या, पण त्यात एक नवीन वाक्य आलं : ‘टेकडी ते पांझरा हा मार्ग पुढील सूचनेपर्यंत बंद आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ ते रोज म्हणत. कोणाकडे न बघता. नानांना ते ऐकू जायचं आणि ते खिडकी लावून घ्यायचे.

मग नानांच्या मुलीचं लग्न ठरलं. हळद कॉलनीतच, त्याच मोकळ्या प्लॉटवर. मांडवाची पाठ कुंपणाकडे. माझ्याकडे व्यवस्था होती, म्हणजे पाणी, खुर्च्या, आहेराचं सामान आणि हरवलेल्या मुलांना त्यांच्या आयांकडे पोचवणं. सकाळची वेळ, ऊन चढायला लागलेलं, डीजे दणाणत होता. नवरी गादीवर, तिच्याभोवती म्हाताऱ्या बायका, पुढे नाचणारी पोरं. सगळ्यांचे चेहरे पिवळे.

तेवढ्यात मागे कुत्री भुंकली. मांडवाचं कापड एका बाजूनं फाटलं आणि आत रोही आला.

रोही म्हणजे नीलगाय. हा नर होता, पूर्ण वाढलेला, घोड्याएवढा, निळसर काळा. टेकडीवरून पाण्याला निघाला असणार. वाटेत जाळी आडवी आली, मागून कुत्री लागली, जाळीच्या कडेकडेनं धावत तो जिथं जाळी संपते तिथं आला, आणि जाळी संपत होती ती आमच्या मांडवात. आबांनी सांगितलेली गाडी गावातून निघाली होती.

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग एकदम किंकाळ्या. रोही स्टेज आणि कुंपण यांच्यामधल्या कोपऱ्यात अडकून उभा राहिला. नाकपुड्या फुगलेल्या, अंग थरथरत होतं. त्याच्या एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला दणाणणारा स्पीकर, आणि समोर, जिथून त्याला सुटायला जागा दिसत होती, तिथं गादीवर नवरी, म्हाताऱ्या बायका आणि पोरं. तरुण मंडळींनी खुर्च्या उचलल्या. एकानं मांडवाचा बांबू उपसला. कोणी ‘मारा’ म्हणत होतं, कोणी मोबाईल धरून पुढे सरकत होतं. तो उधळला असता तर सरळ गादीवरून गेला असता. नाना ‘पोरी, ऊठ!’ म्हणून ओरडत होते आणि पोरीला उठता येत नव्हतं. तिच्या साडीवर तीन आज्या बसल्या होत्या.

डीजे बंद पडला. पाहते तर आबा तिथं उभे. त्यांनी डीजेवाल्या पोराच्या हातातला माईक घेतला होता.

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’

काय सांगू! त्या गर्दीतल्या प्रत्येक माणसानं वर्षानुवर्षं त्या आवाजाचं ऐकलेलं होतं. त्या आवाजावर लोकांनी बाळं उचलली होती, पिशव्या खाली ठेवल्या होत्या, फलाट बदलले होते. सगळे जागच्या जागी थांबले.

‘फलाटावर एक जादा गाडी लागलेली आहे. ही गाडी कोणासाठीही नाही. तिच्यासमोर कोणीही उभं राहू नये. गादीवरील महिला आणि मुलांनी आहे तिथंच बसून राहावं. ज्या तरुण प्रवाशांनी खुर्च्या उचललेल्या आहेत, त्यांनी त्या खाली ठेवून त्यांच्यावर बसावं. बांबू मांडवाचा आहे, तो मांडवाला परत करावा.’

एक एक जण बसला. अगदी हळू, मान वळवून कोपऱ्याकडे बघत, पण बसला.

‘जळगावच्या ताई, जळगावच्या ताई. आपण जिथं असाल तिथून पक्कड घेऊन नाल्याच्या कोपऱ्याकडे यावं.’

पक्कड दाराच्या मागच्या खिळ्याला होती. घर पलीकडेच होतं. मी धावले आणि घराला वळसा घालून बाहेरच्या बाजूनं कोपऱ्यावर पोचले, तर तिथं माझ्याआधी नाना हजर. अंगभर हळद, टोपी पडलेली. गाठी कुठं कुठं आहेत ते त्यांनाच माहीत होतं. ते बोट दाखवत, मी पिळा सोडत होते. एक तार सुटताना माझा अंगठा चिरत गेली. नाना दात आवळून म्हणाले, “इतकी घट्ट कोणी बांधली?” मग स्वतःच म्हणाले, “मीच.”

आतून आबांचा आवाज येत होता. आता ते गाड्या सांगत होते. साध्या, खऱ्या गाड्या. ‘धुळ्याहून अमळनेरकडे जाणारी... धुळ्याहून शिरपूरकडे जाणारी... धुळ्याहून साक्रीकडे जाणारी...’ एका लयीत, खाली उतरत जाणाऱ्या आवाजात, जसे ते दुपारच्या वेळी स्टँड पेंगत असताना सांगायचे. फटीतून मला मांडव दिसत होता. हळद लागलेली ती सगळी माणसं ओळीनं बसून होती, जणू कोणाची तरी गाडी यायची होती. आणि त्या कोपऱ्यातल्या जनावराची थरथर, खरं सांगते, कमी होत होती.

जाळी गुंडाळली गेली. नाल्यातून वाऱ्याची झुळूक आत आली. रोहीनं मान वळवली.

‘जादा गाडी सुटण्याच्या तयारीत आहे,’ आबा म्हणाले. ‘वाट सोडावी.’

तो गेला. दोन उड्यांत नाल्यात, आणि मग बाभळींमध्ये. जाता जाता स्टेजच्या झेंडूची माळ त्याच्या शिंगाला अडकली आणि मांडवाच्या कापडाला पुसलेल्या हळदीचा पट्टा त्याच्या मांडीवर उमटला.

सगळ्यात आधी अक्का बोलल्या. “त्याले बी हयद लागी गई, माय!”

मांडव हसला. नवरी हसली, मग रडली. नाना घाम पुसत आत आले आणि आबांच्या समोर खुर्ची ओढून बसले.

“आबा, माझी पोर त्याच्या वाटेत होती.”

“तुमची पोर त्याच्या वाटेत नव्हती, नाना. त्याची वाट तुमच्या पोरीवर आणून सोडली होती.” हे बोलणं कठोर होतं, पण आवाज कठोर नव्हता. मग आबांनी माईक पोराला परत दिला. “वाजव रे. पण जरा कमी.”

दुसऱ्याच आठवड्यात जाळी घरांच्या कडेनं लागली. नाला उघडा राहिला. तरसाचं काय, असं एकानं विचारलं, तर नानांनीच त्याला सांगितलं, “त्याला आपल्याकडे काही काम नाही. त्याला खाली जायचं आहे.” जेसीबीचा विषय परत निघाला नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. कारण नाला उघडला, पण त्यातून कोणी जाईना. ससे, मुंगूस, तित्तर, ही जवळची मंडळी होती. पण टेकडीवरून पांझरेकडे जाणारं मोठं काही नाही. वाळूत खूर उमटेनात. पावसाळा आला, झाडी हिरवीगार झाली, अंजनाला पालवी आली, आणि आबा रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन, वाळू पाहून, गप्प परत यायचे. घोषणेतलं ते वाक्य त्यांनी काढलं होतं, पण मार्ग सुरू झाल्याची घोषणा केली नव्हती. गाडी लागल्याशिवाय लागली म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

“रूट एकदा बंद झाला की प्रवासी दुसरी सोय लावतात,” एकदा म्हणाले. “उघडला म्हणून परत येतीलच असं नाही. स्टँडवर मी हे पाहिलं आहे.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. दम लागायचा. दिवाळीनंतर नाशिकची मुलगी आली आणि दोघांना घेऊन गेली. अर्थात एसटीनंच. पायरीवर पाय ठेवताना आबा मला म्हणाले, “वाळू बघत जा.” स्टीलचा पेला माझ्याकडे राहिला.

त्यांचा फोन यायचा. आधी माझी चौकशी, मग नानांची, मग जरा थांबून, “लागली का?”

“नाही, आबा.”

एकदा अक्कांनी फोन बाजूला नेला आणि कुजबुजल्या, “सांगी दे ना, रोही उना म्हनीसन. त्यास्ना जीवले बरं वाटी.”

मी म्हणाले, “अक्का, फडताळावर नसलेली वस्तू मी आहे म्हणून सांगत नाही. त्यांनाही ते चालणार नाही.” त्या म्हणाल्या, “हां. ते बी खरं शे.”

परवा थंडी चांगली पडली होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली नाल्यात पाला वाजला, कुत्र्याच्या पावलांसारखा नाही, जड. अंजनाच्या खालून रोहीची मादी बाहेर आली. भुरी, कान ताठ. कुंपण होतं त्या जागेपाशी ती थांबली. तिनं वाळू हुंगली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग एक पाऊल टाकलं आणि पुढे निघाली. तिच्या मागून, लांब पायांवर लडबडत, तिचं पिल्लू आलं.

मी ओल्या हातानंच फोन लावला.

“आबा, आली! आबा, ती खाली चालली आहे, त्या कोपऱ्यावरून, आत्ता, इथून...”

“असं नाही,” पलीकडून बारीक आवाज आला. “नीट सांगा.”

पेला गॅलरीच्या कठड्यावर असतो. तो मी उचलला. फोन एका हातात, पेला तोंडाशी. शेजारची बाई बघत होती. बघू दे.

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. टेकडीहून पांझरेकडे जाणारी, मार्गे नाला, साधी गाडी लागलेली आहे.’

पलीकडे श्वासाचा आवाज.

“किती सीट?”

“एक फुल,” मी म्हणाले, “एक हाफ.”

खाली ती दोघं बाभळींच्या सावलीत शिरली होती. मग जो माणूस जन्मात दुसऱ्याचं काम आपल्या अंगावर घेत नव्हता, तो फोनवर, अगदी हळू, दोनदा म्हणाला :

“टिंग. टिंग.”